बाटलीतलं उडणारं, नखावर उरणारं

होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे भोंगऱ्या बाजाराचा. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवरून माणसं खाली उतरतात आणि धडगावच्या बाजारात पाय ठेवायला जागा राहत नाही. साखरेचे हार-कंगन, डाळ्या, गूळ, ढोल, नवी लुगडी. या सगळ्याच्या मधोमध एका हातगाडीवर नेलपेंटच्या शंभरेक बाटल्या उभ्या होत्या आणि माझी नववीतली भाची त्यातली एकेक उचलून कानाशी हलवत होती. शहाद्याहून माल घेऊन आलेला गाडीवाला वैतागून म्हणाला, “हाऊ रंग भारी शे ताई, ऐकस काय, देख ना!” ती ढिम्म. शेवटी एक बाटली परत ठेवत मला म्हणाली, “मावशी, हिच्यात गोळीच नाही.”

पोरीचं चुकत नव्हतं. नेलपेंटच्या बऱ्याच बाटल्यांत पोलादाच्या एक-दोन बारीक गोळ्या असतात, टक-टक वाजतात त्या. रंगाची पूड त्या पातळ द्रवापेक्षा जड, त्यामुळे बाटली महिनोन्महिने उभी राहिली की ती तळाला बसते. गोळी ती ढवळून काढते. पूड अजिबात बसू नये म्हणून कारखानदार आणखी एक युक्ती करतात. बेंटोनाइटसारखी, खास प्रक्रिया केलेली माती त्यात घालतात. मग नेलपेंट स्वस्थ असताना जेलीसारखं घट्ट राहतं आणि ब्रश फिरला की पातळ होतं. सॉसची बाटली उलटी धरली तर थेंब पडत नाही, दोन थपडा मारल्या की भसकन ताटात, तसंच हे. ब्रश उचलला की रंग पुन्हा आळतो, म्हणून तो नखावरून ओघळून बोटावर येत नाही. गोळी नसली म्हणून माल वाईट असं नाही. पण बाटली हलवल्यावरही तळाशी गाळ आणि वर तेलकट पाणी असे दोन थर दिसत राहिले, तर ती गाडीवर परत ठेवावी हे बरं.

या बाटलीतला मुख्य पदार्थ ऐकून भाचीचे डोळे मोठे झाले होते, कारण तो शहादा-तळोद्याच्या शेतात उगवतो. कापसातून सरकी वेगळी काढल्यावरही तिला चिकटून राहते ती आखूड तंतूंची लव म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तिच्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. १८४६ साली बाझेलमध्ये ख्रिश्चन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं ही कृती शोधली, तेव्हा जगाला त्यात दिसली ती बंदुकीची दारू. नायट्रोजन जास्त बसवला तर स्फोटक, कमी बसवला तर विरघळणारा आणि सुकल्यावर चकचकीत पापुद्रा देणारा पदार्थ. हाच पापुद्रा पुढे सिनेमाची फिल्म झाला. १९१३चा दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ नायट्रेट फिल्मवरच उतरला. १९२०च्या दशकात मोटारींना याच जातीचा झटपट वाळणारा रंग लागू लागला. क्युटेक्सचा पातळ नखरंग १९१७चा, पण पूर्ण झाकणारा, दाट रंग घेऊन रेव्हलॉन आली १९३२मध्ये. आपल्याकडे टाटांनी मुंबईत लॅक्मे सुरू केली १९५२ला. नाव फ्रेंच, पण आतून ती आपली लक्ष्मीच. थोडक्यात, भोंगऱ्यातल्या वीस रुपयांच्या बाटलीत तोफखाना, सिनेमा आणि मोटारगाडी अशी तिघांची सोयरीक आहे.

नेलपेंट ‘वाळतं’ असं आपण म्हणतो, पण त्यात पाणी नसतंच. नायट्रोसेल्युलोज आणि राळ इथिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट अशा द्रावकांत विरघळलेली असते. बाटली उघडताच पिकल्या केळ्यासारखा जो वास येतो, तो यांचाच. नखावर रंग लागला की द्रावक उडून जातो आणि मागे पापुद्रा उरतो. इथिल ॲसिटेट ७७ अंशांना उकळतं, ब्युटिल १२६ अंशांना; म्हणजे पहिलं लगेच पळतं, दुसरं रेंगाळतं. ही जोडी मुद्दाम जमवलेली असते. सगळंच झटकन उडालं तर ब्रशच्या रेघा तशाच राहतील. दुसरा भिडू थोडा थांबतो म्हणून रंगाला सपाट व्हायला वेळ मिळतो. नुसता पापुद्रा काचेसारखा तडकेल, म्हणून त्याला लवचीक ठेवणारे पदार्थही घालतात. कापूर हा त्यातलाच एक.

हे कोणाला सहज समजेल, तर नंदुरबारच्या मिरची-पथारीवर काम करणाऱ्या बाईला. गावाबाहेर मिरची वाळत घालतात तेव्हा तिचा थर पातळ ठेवावा लागतो. ढीग जाड झाला की वरची मिरची कडक, चुरचुरीत आणि खालची ओलसर, कोंदलेली, चार दिवसांत बुरशी. नखाचंही तेच. एकाच जाड हातात काम उरकलं की वरचा भाग आधी आळतो, खाली अडकलेल्या द्रावकाला बाहेर पडायला वाट राहत नाही, मग बुडबुडे येतात किंवा रात्री चादरीची नक्षी नखावर उमटते. दोन पातळ हात, मध्ये पाच-दहा मिनिटं. पंख्याखाली बोटं धरण्याचा उपाय सगळ्याच घरांत चालतो, पण जोराच्या वाऱ्यानं वरची साय आधी धरते आणि बुडबुड्यांचं प्रमाण वाढतं. फ्रीजच्या पाण्यात बोटं बुडवली की रंग कडक लागतो खरा, पण तो थंडीनं. आतला द्रावक तिथंच असतो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याचं हवामान या कामाला फार सोयीचं नाही, हे मान्य करून टाकू. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात बाटली ठेवली तर झाकणाच्या फटीतून इथिल ॲसिटेट निसटतं आणि रंग काकवीसारखा होतो. तेव्हा रिमूव्हरचे थेंब घालू नयेत. रिमूव्हरमधलं ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, सगळ्यांच्या आधी पळतं, आणि कारखान्यानं जमवलेली द्रावकांची जोडी बिघडते. नेलपेंटचं थिनर मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब पुरतात. पावसाळ्यात वेगळीच अडचण. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते आणि लाल रंगावर पांढुरकी झाक येते. गाड्या रंगवणारे कारागीर श्रावणात याच कारणानं कटकट करतात. नखं रंगवायची खरी वेळ म्हणजे दिवाळी ते होळी, म्हणजे मिरचीच्या पथारीचीच वेळ.

आणि चूल. हे एकदा ठासून सांगते आणि पुढे जाते. ॲसिटोनची वाफ उणे अठरा-वीस अंशांनाही पेट घेण्याजोगी असते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत सरकत जाते. स्वयंपाक चालू असताना शेजारी बसून रिमूव्हरचा कापूस फिरवू नये.

रंग निवडताना भाचीच्या मैत्रिणीनं तिला बजावलं होतं, सावळ्या हाताला फिका रंग शोभत नाही. हे मला साफ नामंजूर आहे. रंग किती झाकणार ते त्यातल्या पुडीवरून ठरतं. टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड प्रकाश इतका जोरात परतवते की तिचा एक हातही खालचं फारसं काही दिसू देत नाही. फिका पिस्ता, आकाशी, दुधी गुलाबी या रंगांत ती भरपूर असते आणि सावळ्या बोटांवर ते रंग उठून दिसतात. दिसेनासा होतो तो पारदर्शक गुलाबी. पावरा आदिवासी बायांच्या गळ्या-दंडांवरची चांदी सावळ्या रंगावर कशी खुलते, हे ज्यानं पाहिलंय त्याला यापेक्षा जास्त पुरावा नको. बाटलीवर मात्र बॅच नंबर, उत्पादन परवान्याचा क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची मुदत शोधावी. टोल्यूइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट ही तीन नावं चांगल्या कंपन्यांनी बहुतेक वगळली आहेत. युरोपनं यातलं तिसरं २००४ सालापासून सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केलं. ज्या बाटलीवर बॅच नंबर, परवाना, घटकांची यादी असं काहीच छापलेलं नाही, ती स्वस्त असली तरी नको. आणि गडद लाल लावायचा असेल तर आधी बेस कोट, नाहीतर लाल रंगद्रव्य आत उतरून नख पिवळं पडतं. हळद-मिरचीनं पिवळी झालेली नखं आपल्याकडे कमी नाहीत, त्यात ही भर कशाला?

आता घरची कलाकुसर. नेल आर्टची पाकिटं शहरात मिळतात, पण आमच्याकडे काडेपेटीची काडी, केसांची पिन आणि संपलेल्या बॉलपेनचं टोक एवढ्यावर काम भागलं. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीत बुध्या होऊन नाचणाऱ्यांच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते. भाचीनं तीच उचलली. काळ्या रंगावर पिनेच्या गोल डोक्यानं पांढरे ठिपके, काठापासून मध्याकडे लहान होत जाणारे. एकदा बुडवून तीन ठिपके द्यायचे. प्रत्येक वेळी पिनेवरचा रंग कमी, म्हणून ठिपका आपोआप लहान.

मग तिला पाण्यावरची नक्षी हवी झाली. स्टीलची वाटी घेतली, माठातलं पाणी काढून अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ दिलं. गार पाण्यात रंग पसरण्याआधीच आळतो, म्हणून. बोटांच्या कडांना खोबरेल लावलं, नखाला पांढरा रंग आधीच वाळवून ठेवला. पहिला गुलाबी थेंब तिनं वीतभर उंचीवरून टाकला, तो सरळ तळाला गेला. दुसरा पाण्याला टेकता टेकता सोडला आणि तो क्षणात वाटीभर पसरला. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोठा असतो. इथिल ॲसिटेटचा जवळपास त्याच्या एक तृतीयांश. सभोवतालचं पाणी रंगाला सर्व बाजूंनी ओढून घेतं. पहिल्याच्या मधोमध निळा, निळ्यात पुन्हा गुलाबी. नवा थेंब जुन्याला बाहेर ढकलतो, म्हणून झाडाच्या खोडासारखी वळी दिसू लागली. तिसऱ्या-चौथ्या थेंबाला पंधरा सेकंदांहून जास्त उशीर झाला की खालची साय आळलेली असते आणि थेंब नुसता वर बसून राहतो. आमचं हे तीनदा झालं.

वळी जमल्यावर तिनं पिनेनं मधून बाहेर चार रेघा ओढल्या, फूल उमललं. बोट आडवं बुडवलं, काडीनं वरची उरलेली साय गोळा केली आणि मगच बोट वर काढलं. तसंच काढलं असतं तर सायीची दुसरी घडी नखावर बसली असती. पाण्यावरची रांगोळी काढणाऱ्या माझ्या आईनं चष्मा कपाळावर नेऊन ते नख न्याहाळलं आणि म्हणाली, “आमची रांगोळी एवढी टिकली नाही कधी.”

पण टिकणं-टिकणं यात फरक आहे. नेलपेंट नखाच्या वर बसतं. मेंदीतलं लॉसोन नखाच्या केराटिनशी रासायनिक बंध जोडतं, म्हणून रिमूव्हर तिथं हात टेकतो. मतदानाच्या शाईतल्या चांदीचंही तसंच. नखावर ती बसली की नख वाढून कापलं जाईपर्यंत तिची सुटका नाही. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पूर्ण बदलायला पाच-सहा महिने. १३ मे २०२४ला नंदुरबारनं लोकसभेसाठी मत दिलं तेव्हा नखाच्या मुळाशी लागलेली शाई वाढत वाढत टोकाशी आली, तोवर २० नोव्हेंबरला विधानसभेची नवी शाई हजर होती. निवडणूक आयोगाच्या नकळत आपण सगळ्यांनी नखांच्या वाढीचा प्रयोग केला.

नख ही मेलेली, अर्धपारदर्शक पेशींची काच आहे आणि तिच्यातून खालचं रक्त दिसतं. रक्तक्षय आणि सिकलसेल या दोन्हींनी गाठलेल्या आपल्या जिल्ह्यात दवाखान्यातली ताई डोळ्यांची आतली कड, जीभ आणि नखं बघते, ती यासाठी. नख फिकट आहे का, लोहाच्या कमतरतेनं चमच्यासारखं खोलगट झालंय का, हे गडद रंगाखाली कळत नाही. ऑक्सिमीटरचंही असंच. २०२१च्या दुसऱ्या लाटेत नंदुरबारच्या ऑक्सिजन प्लांटची देशभर चर्चा झाली, तेव्हा ही बोटाची चिमटी घराघरात पोचली. ती ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून पार करते आणि दोन्ही किती शोषले गेले ते मोजते. लाल नेलपेंट लाल प्रकाशाला फारसं अडवत नाही. निळा, हिरवा आणि काळा तो गिळतात, आणि आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. अशा वेळी रंग पुसावा, नाहीतर चिमटी नखावर न लावता बोटाच्या दोन्ही बाजूंनी लावावी.

जेल पॉलिशवर मी फार लिहीत नाही, कारण ते घरी करूच नये असं माझं मत आहे. तिथं काही उडत नाही. अतिनील दिव्याखाली छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक जाळं होतं. जोडणी अर्धवट राहिली आणि ते रेणू कातडीला लागले की ॲलर्जी, आणि ती जन्मभराची. यातल्या टीपीओ या प्रकाशानं चेतणाऱ्या रसायनावर युरोपनं १ सप्टेंबर २०२५पासून बंदी घातली आहे.

दुपारी बहीण वाटी घासायला बसली, तर कडेला गुलाबी-निळं वळं. राख झाली, साबण झाला, तारेची घासणी झाली. वळं जागचं हललं नाही. भाचीनं कापसाला रिमूव्हर लावून एकदा बोट फिरवलं, वाटी लख्ख. बहिणीनं आधी वाटीकडे पाहिलं, मग लेकीकडे. “आणि मी तीनदा घासली तेव्हा शेजारी बसून बघत होतीस!”