व्रण माणसाला, मुक्काम बिळात

गेल्या आठवड्यात आपण बिहारमधल्या काळ्या आजाराची माहिती घेतली. तिथे लिशमानिया हा परोपजीवी माणसाकडून वाळूमाशीत आणि वाळूमाशीतून पुन्हा माणसात जातो. मध्ये तिसरा प्राणी नाही. म्हणून रुग्ण शोधून ते पूर्ण बरे केले आणि घरांच्या भिंतींवर नेटाने फवारणी केली, की आजार मागे हटतो. त्याचाच भाऊबंद असलेला लिशमानिया मेजर मात्र मध्य आशियात या उपायांना पुरेशी दाद देत नाही. त्याचा संसार माणसाच्या घरात नाहीच. तो जमिनीखाली, मोठ्या जर्बिलच्या बिळात आहे.

जर्बिल म्हणजे उंदरांच्या गोतावळ्यातला वाळवंटी प्राणी. त्यातला हा मोठा जर्बिल शेपूट सोडून जेमतेम वीतभर भरतो. इराणपासून मंगोलियापर्यंतच्या कोरड्या प्रदेशात तो कुटुंबकबिल्यासह राहतो आणि पिढ्यानपिढ्या एकच बीळ वाढवत नेतो. त्यात अनेक तोंडे, आडवेतिडवे बोगदे, पिलांसाठी वेगळी जागा आणि हिवाळ्यासाठी पाला साठवायची कोठारे असतात. वर ऊन भाजून काढत असताना आत गारवा आणि ओल टिकून राहते.

हीच ओल वाळूमाशीला हवी असते. चांदीपुरा विषाणूच्या बातम्यांमुळे ही माशी महाराष्ट्राला नावाने तरी ओळखीची आहे. जेमतेम तीन मिलिमीटरची, केसाळ, डासाहून लहान. तिला लांब उडता येत नाही. बिळातल्या लेंड्या आणि कुजका पाला यांवर तिच्या अळ्या वाढतात. माशी झाली, की रक्त प्यायला जर्बिल शेजारीच असतो. त्याच्या कानांवर केस कमी, त्यामुळे चावा बहुधा तिथेच. डासासारखी नेमकी रक्तवाहिनी गाठण्याइतकी तिची सोंड लांब नाही. ती कातडी ओरबाडते आणि साचलेले रक्त पिते. त्या रक्ताबरोबर परोपजीवी तिच्या पोटात जातो, तिथे वाढतो आणि अन्नमार्गाच्या पुढच्या भागात चिकट द्रवाचा बोळा तयार करतो. मग माशीला धड रक्त ओढता येत नाही. ती पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्याबरोबर तो बोळा थोडा थोडा कातडीत ओकते.

खरी मेख हिवाळ्यात आहे. थंडीत मोठ्या माश्या मरतात, मागे उरतात त्या अळ्या. माशीकडून अंड्यात हा परोपजीवी उतरत नाही, म्हणजे वसंतात बाहेर पडणारी प्रत्येक माशी कोरी असते. तरीही उन्हाळ्यात साथ येतेच, कारण मधले महिने परोपजीवी जर्बिलच्या कानात तग धरून असतो. जर्बिलला त्याचा फारसा त्रासही होत नाही. या साखळीत माणूस उपरा आहे. तो बिळांजवळ राहायला आला, रात्री उघड्यावर झोपला, की चावा त्याच्या वाट्याला येतो आणि चावलेल्या जागी व्रण उठतो.

१८८५ मध्ये रशियन फौजा तुर्कमेनिस्तानातल्या पेंदे परिसरात पोचल्या आणि सैनिकांच्या अंगावर ओले व्रण उठू लागले. १८९८ मध्ये ताश्कंदच्या प्योत्र बोरोव्स्की यांनी तिकडच्या अशाच व्रणांत परोपजीवी ओळखला. पण तो येतो कुठून, हे कळायला १९४१ उजाडले. लातिशेव आणि क्र्युकोवा या सोव्हिएत संशोधकांनी तुर्कमेनिस्तानात जर्बिलकडे बोट दाखवले. त्याआधी दोनच वर्षे सोव्हिएत शास्त्रज्ञ पावलोव्स्की यांनी मांडले होते, की काही रोग माणसाशिवायही ठरावीक भूभागात नांदत असतात. मला हा विचार वैद्यकातल्या मोठ्या वळणांपैकी एक वाटतो, कारण त्याने डॉक्टरला रुग्णाच्या खाटेवरून उठवून माळरानावर नेले.

हा व्रण काही महिन्यांत आपोआप भरतो आणि बहुतेकांना तो पुन्हा होत नाही, म्हणून कधीकधी त्याला किरकोळ ठरवले जाते. ते मला पटत नाही. त्याचा वण जन्मभर राहतो आणि गालावर वण घेऊन वाढणाऱ्या मुलीला काय सोसावे लागते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको.

सोव्हिएत काळात उपाय झाला तो बिळांवरच. वस्तीभोवतालच्या बिळांत झिंक फॉस्फाइड हे विष लावलेले धान्य टाकायचे, मग जमीन खोल नांगरून बोगदे मोडायचे. नुसते जर्बिल मारले तर रिकाम्या बिळांत आसपासचे नवे येऊन राहतात. बीळच मोडले की माशीचेही घर जाते. कालव्याचे पाणी आले तिथून मोठा जर्बिल हटला, पण ओलिताच्या कडेला त्याचा चुलत भाऊ, लिबियन जर्बिल, फोफावला. तोही हा परोपजीवी बाळगतो.

पुढे ट्युनिशिया आणि जॉर्डनमध्ये तर विषारी धान्याचा उपयोगच होईना. तिथे हाच परोपजीवी लठ्ठ वाळू-उंदरात राहतो आणि हा प्राणी धान्याला तोंड लावत नाही. खारट, रसाळ पानांच्या झुडपांवरच तो जगतो. पाणीही त्याला त्या पानांतूनच मिळते. तेव्हा तिथे वस्तीजवळची ती झुडपे उपटून जमीन नांगरण्याचा मार्ग धरावा लागला. खाणे संपल्यावर वाळू-उंदीर तिथून निघून गेले.