नडगीसाठी ७२ तास

नडगीवरून बोट फिरवा, हाड थेट कातडीखाली लागते. आतल्या बाजूला मांसाचे आच्छादन नाहीच. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, दुसरा पुढे जळगावातून जातो. तिथे दुचाकीला ट्रकची धडक बसली की हेच हाड कातडी फाडून बाहेर येते, मातीत घासते, त्याचा एखादा तुकडा कायमचा जातो. नातेवाईक विचारतात, रॉड टाकणार की प्लेट? माझ्या मते पाय वाचणार की नाही, हे आधी त्या हाडावरच्या कातडीवर ठरते.

हाडाची उणीव भरून काढण्याचे मार्ग जुने आहेत. १९७५ मध्ये मेलबर्नच्या इयान टेलर यांनी दुसऱ्या पायाच्या पोटरीतले बारीक हाड, म्हणजे फिब्युला, रक्तवाहिन्यांसकट काढून नडगीत बसवल्याचे प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या जोडल्यामुळे असे हाड जिवंत राहते आणि भार पडेल तसे महिनोन्महिने जाड होत जाते. सोबत कातडीचा तुकडाही आणता येतो. सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह यांच्या रिंगमध्ये निरोगी भागात कापलेले हाड रोज १ मिलिमीटर सरकवतात आणि मागे नवे हाड धरते. पण जखम सडलेली असेल तर यातले काहीही निभणे कठीण. लुब्लियानाच्या मार्को गोडिना यांनी ५३२ रुग्णांचा अनुभव मांडला, तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला: ७२ तासांत फ्लॅपने, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट आणलेल्या कातडीने किंवा स्नायूने, जखम झाकली तर संसर्ग १.५ टक्के, त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत झाकली तर १७.५ टक्के.

गोडिना यांचे रुग्ण चिठ्ठ्या टाकून विभागलेले नव्हते, आणि आता व्हॅक्युम ड्रेसिंगमुळे थोडी सवड मिळते, हे खरे. पण ड्रेसिंग म्हणजे कातडी नव्हे. मायक्रोसर्जन जिल्ह्यात कुठून आणायचा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र गुडघ्याखालच्या वरच्या आणि मधल्या भागातली जखम बहुतेक वेळा पोटरीचाच स्नायू वळवून झाकता येते, त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. घोट्याजवळची जखम तेवढी बाहेर पाठवावी लागते, तीही पहिल्या दिवशी, चौथ्या आठवड्यात नव्हे. पाय कापून कृत्रिम पाय बसवणे तितकेच चांगले, असेही म्हणतात. २००२ च्या अमेरिकी पाहणीत दोन वर्षांनी पाय वाचवलेल्या आणि कापलेल्या, दोन्ही गटांची स्थिती सारखीच आढळली. पण कपाशीच्या काळ्या चिखलात उतरणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या माणसाला कृत्रिम पाय पुन्हा पुन्हा बदलून कोण देणार? कोणता पाय वाचवायचा यासाठी कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलने दुखापतीची गंभीरता मोजणारी गुणपद्धती दिली आहेच: १४ किंवा कमी गुण असतील तर वाचवा, १७ किंवा अधिक असतील तर कापण्याचा विचार करा. मधल्या रुग्णांचा निर्णय अनुभवी डोळ्यांनी घ्यायचा असतो. म्हणून धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अशी जखम पहिल्यांदा धुतली जाते, त्याच वेळी अस्थिरोगतज्ज्ञाशेजारी प्लास्टिक सर्जन उभा असला पाहिजे.