अजगराचा आहार

'अजगर' या शब्दातच त्या प्राण्याच्या आहाराची नोंद होऊन गेलेली आहे. संस्कृतात 'अज' म्हणजे बोकड आणि 'गर' म्हणजे गिळणारा. परंतु या नावामुळेच एक समजूत घट्ट झालेली दिसते, ती अशी की, एवढ्या प्रचंड सापापुढे तेवढेच प्रचंड जनावर टाकले म्हणजे पाळणाऱ्याचे कर्तव्य संपले. बंदिवासातील मोठ्या अजगराला खरा धोका असतो तो बहुधा उपासमारीचा नव्हे, तर अतिपोषणाचा.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतीय अजगर हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरी बाळगणे हा कारावासास पात्र असा गुन्हा ठरतो. त्यामुळे आपल्या अजगराच्या आहाराचा विचार करावा लागतो तो दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानात किंवा जखमी प्राण्यांच्या उपचारकेंद्रांत. परदेशी जातीचे अजगर काही हौशी लोक पाळतात. 2024 च्या नियमांनुसार त्यांचीही नोंदणी सरकारदरबारी करावी लागते. पोटाचे नियम मात्र सर्वांना सारखेच.

हे पोट विलक्षण आहे. आपण दिवसातून दोनतीनदा जेवतो, म्हणून आपली पचनसंस्था सदैव सज्ज असते. अजगराचे तसे नाही. दोन जेवणांच्या मधल्या काळात त्याचे आतडे आक्रसते व जणू कामावरून रजा घेते. अमेरिकेत ब्रह्मी अजगरावर झालेल्या प्रयोगांत असे आढळून आले की, भक्ष्य गिळल्यानंतर एकदोन दिवसांत लहान आतड्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते आणि खूप मोठे भक्ष्य असेल तर शरीरातील चयापचयाचा वेग चाळीसपटींहूनही अधिक वाढतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार अठ्ठेचाळीस तासांत हृदयाचा स्नायूही सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो. जेवण हे अजगराच्या दृष्टीने एक मोठे कष्टाचे काम आहे. आळशीपणाबद्दल त्याला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अशा शरीराला दर आठवड्यास भरपेट खाऊ घातले तर ती अंगभूत विश्रांती नाहीशी होते, चरबी साठते, यकृत बिघडते.

मग काय घालावे? भक्ष्य सबंध असावे, हा पहिला नियम. मटणाचे तुकडे किंवा बाजारात साफ करून मिळणारी कोंबडी हा अजगराचा आहार नव्हे. सबंध प्राण्याबरोबर हाडांतील कॅल्शियम, यकृतातील जीवनसत्त्वे, पिसे आणि केस हे सर्व पोटात जाते. नुसत्या मांसात कॅल्शियम अत्यल्प असते आणि वाढत्या अजगराची हाडे त्यामुळे ठिसूळ होतात. लहानपणी उंदीर, पुढे मोठे उंदीर, नंतर ससा, असा क्रम सोयीचा असतो. सबंध कोंबडीही चालते. गल्लीत पकडलेली घूस मात्र कदापि देऊ नये. ती विष खाऊन आलेली असू शकते, आणि परजीवी जंतू तर तिच्याबरोबर येतातच.

भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी, फार तर किंचित अधिक असावी. पिलाला आठ-दहा दिवसांनी त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके अन्न द्यावे. पूर्ण वाढलेल्या अजगराला प्रमाण कमी आणि अंतर जास्त. तीस किलो वजनाच्या अजगराला महिन्याकाठी दीडदोन किलोचा एक ससा पुरतो. पाहुण्यांना हा आकडा पटत नाही.

भक्ष्य मेलेले असावे. जिवंत उंदीर पिंजऱ्यात सोडणे यात शौर्य काहीच नाही. भूक नसलेल्या अजगराला उंदराने कुरतडून गंभीर जखमी केल्याची उदाहरणे पशुवैद्यांना चांगली परिचित आहेत. गोठवलेले भक्ष्य आतपर्यंत पूर्ण वितळू द्यावे व नंतर कोमट करावे. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खळग्या असतात. थंडगार ससा त्याला भक्ष्य वाटतच नाही. अन्न लांब चिमट्याने पुढे करावे आणि मोठ्या अजगराजवळ एकट्याने जाऊ नये. हाताला सशाचा वास असेल, तर त्याला हात आणि ससा यांतला फरक कळत नाही.

आता उष्णतेविषयी. अजगर स्वतःच्या शरीरात पचनापुरती उष्णता निर्माण करीत नाही. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते, आणि तीसेक अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे पचन नीट चालते. दिल्लीपासून फार दूर नसलेल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात थंडीच्या दिवसांत अजगर साळिंदराच्या बिळांत राहतात आणि दुपारी उन्हाला बाहेर पडतात. त्या काळात ते खातातही फार कमी. करोल बागेतल्या एखाद्या सिमेंटच्या खोलीत जानेवारीच्या रात्री पारा खाली उतरतो, तेथे ना बीळ ना ऊन. अशा खोलीत उष्णतेची सोय न करता अजगराला भरपेट खाऊ घातले, तर पोटातला ससा पचत नाही, कुजतो. तेव्हा आधी ऊब, मग अन्न. ऊब देता येत नसेल तर उपवासच बरा. निरोगी प्रौढ अजगर कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही, अन्नावाचून काढतो. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ झाले की तो बहुधा तोंडही उघडत नाही. या काळात ताजे पाणी तेवढे सदैव असावे.

खाऊन झाल्यावर तीनचार दिवस त्याला हात लावू नये. त्याने भक्ष्य ओकून टाकले, तर लगेच दुसरे देण्याचा मोह टाळावा. किमान दोन आठवडे थांबावे, उष्णता तपासावी आणि पुढचे भक्ष्य निम्म्या आकाराचे निवडावे. तेही बाहेर पडले, तर पशुवैद्याला बोलवावे.