कवळी बसवल्यानंतरच्या फेऱ्या

वाडीवरच्या एखाद्या आजीला कवळी मिळाली की आपण देणगीदार समाधान पावतो. आजीही समजते की काम झाले. महिन्याभराने पाहावे तर कवळी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेली असते, आणि आजी पूर्वीसारखीच भाकरी कालवणात बुडवून, चावल्यावाचून गिळते. विचारले तर म्हणते, "टोचते, बाय." कवळी वाईट नव्हती आणि आजी हट्टीही नव्हती. दवाखान्याच्या पुढच्या दोन-तीन फेऱ्या तेवढ्या राहून गेल्या.

चष्मा किंवा काठी एकदा दिली की बहुधा पुरते. केंद्र सरकारच्या 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांसाठी काठी, चष्मा, कानाचे यंत्र यांच्या बरोबरीने कवळीही आहे. यादीत त्या शेजारी शेजारी असल्या तरी कवळीचा स्वभाव वेगळा. तिचे माप घेतात तेव्हा हिरडी स्वस्थ असते. प्रत्यक्षात चावताना मात्र तीच मऊ हिरडी दबते, सरकते, आणि कडक ॲक्रिलिकची एखादी कड नेमकी एका जागी रुतते. हा दोष डॉक्टरांना पहिल्या दिवशी दिसू शकत नाही. चार घास खाल्ल्यावर, हिरडी लाल झाल्यावरच तो दिसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने यायला सांगतात. डॉक्टर दातांमध्ये कार्बनसारखा रंगीत कागद धरून चावायला लावतात, जिथे जास्त डाग पडतो ती जागा जरा घासतात. काम बहुधा काही मिनिटांचे असते, पण त्यावर कवळी तोंडात राहणार की डब्यात, हे ठरते.

इथे एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावी. टोचते म्हणून कवळी काढून ठेवली असेल, तरी दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी ती घालावी. हिरडी बरी होऊन गेली, तर डॉक्टरांना घासायची जागाच सापडत नाही. घरी कानस किंवा काचपेपर मुळीच लावू नये. एकदा जास्त घासले गेले की ते भरून काढणे अवघड. खालची कवळी वरचीपेक्षा जास्त त्रास देते. तिला आधार थोडा आणि जीभ सतत ढकलते, म्हणून तिची सवय होण्यास काही आठवडे द्यावे लागतात. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळते पाणी नको, त्याने आकार बिघडतो.

सिमेंट भरलेल्या दाढेचेही असेच. भरताना तोंड बधिर असते, त्यामुळे दात बरोबर मिटतात की नाही हे माणसाला सांगता येत नाही. बधिरता गेल्यावर तीच दाढ आधी लागते आणि चावले की ठणकते. लोक म्हणतात, डॉक्टरने दाढ बिघडवली. बहुतेक वेळा केसभर उंची कमी केली की भागते.

दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजते, पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने, आणि खालच्या जबड्याचे अधिक. त्यामुळे नीट बसलेली कवळीही पुढे सैल पडते. अशा वेळी आतून नवे अस्तर देतात. प्रत्येक वेळी नवी कवळी लागत नाही.

या फेऱ्या होत का नाहीत? एसटीचे भाडे हे मोठे कारण नव्हे. 75 वर्षांवरील वृद्धांना 2022 पासून एसटी मोफत आहे, आणि स्त्रियांना 2023 पासून अर्धे तिकीट. (वयाचा पुरावा हवा, आणि आधार कार्डावरचे वय नेहमी खरे असतेच असे नाही, ही वेगळीच कथा.) खरा खर्च निराळा आहे. डोंगरवाडीवरून रस्त्यापर्यंत उतरायचे, पोलादपूरहून महाडला सुमारे 20 किलोमीटर यायचे, आणि सोबत येणाऱ्या मुलाची किंवा सुनेची दिवसाची मजुरी बुडवायची. पाच मिनिटांच्या घासण्यासाठी हा सौदा कोणत्या घराला परवडेल? माझ्या मते कवळीसाठी निधी देताना सोबत्याची दोन दिवसांची मजुरी त्यातच धरावी. नाहीतर निम्मे दान डब्यात जाते.

दुसरा प्रश्न हंगामाचा. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी, कोळसाभट्टीच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यासाठी जानेवारीतले दंतशिबिर व्यर्थ, कारण वाडीवर माणूसच नसतो. दात काढल्यावर हिरडी भरायलाही साधारण दोन-तीन महिने लागतात. म्हणून दात जूनमध्ये काढावेत, भातलावणी उरकल्यावर माप घ्यावे आणि गणपतीच्या सुमारास कवळी द्यावी. तपासणीच्या फेऱ्यांना दिवाळीपर्यंत पुरेसा वेळ राहतो.

एक फरक मात्र प्रत्येकाला कळलाच पाहिजे. कवळीची जखम जागा घासल्यावर काही दिवसांत भरते. दोन आठवडे उलटूनही न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी कमी उघडणे, या कवळीच्या तक्रारी समजू नयेत. आपल्याकडे मशेरी, तंबाखू, सुपारी घराघरांत आहे. अशा माणसाला पुन्हा घासून घ्यायला न पाठवता कर्करोगाच्या तपासणीसाठी न्यावे. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय येथे तोंडाची तपासणी होते.

भट्टीवर जाणाऱ्यांनी कवळी झाकणाच्या डबीत, पाण्यात घालून बरोबर न्यावी, आणि दवाखान्याची चिठ्ठीही. कवळी केव्हा बसवली आणि कुठे घासली हे त्यावर लिहिलेले असले, की भट्टीजवळच्या गावातला दातांचा डॉक्टरही टोचणारी कड काढून देऊ शकतो.