अर्ध्या शक्तीची साधना

व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे वाग्भटाने अष्टांगहृदयातल्या दिनचर्येच्या अध्यायात सांगून ठेवले आहे. तोही अंगात बळ असलेल्या, दूध-तूप खाणाऱ्या माणसाने आणि थंडीत किंवा वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. वाग्भटाचा काळ अभ्यासक साधारण सातवे शतक धरतात. त्याच शतकात, इ. स. ६५२च्या सुमारास, चीनच्या तांग राजवटीतला वैद्य सुन स्सुमियाओ आपला औषधांचा मोठा ग्रंथ पुरा करत होता. ताओ मार्गात या वैद्याला आजही देवासारखे पुजतात. त्याचा सल्लाही तोच आहे: अंगाला नेहमी थोडे श्रम द्यावेत, पण गळून जाईपर्यंत कधीही नाही. जेवल्यावर पोटावरून हात फिरवावा आणि चालून यावे. आपल्याकडे रात्रीच्या जेवणानंतर शतपावली आहे. चिनी घरांतही जेवणानंतरच्या शंभर पावलांचे महत्त्व सांगणारी म्हण आहे. दोन देशांतल्या आज्यांनी नातवंडांना एकच गोष्ट सांगितली, तीही आकड्यासह.

ताओ परंपरेतली आत्मसाधना आणि रोजच्या निरोगी सवयी यांचा आढावा घ्या, असे संपादकांनी सुचवले, तेव्हा मी त्यांना आधीच कळवले की मी सगळ्या शाखांना सारखी जागा देणार नाही. भोर-वेल्ह्यात आयुष्य गेले. शाळेत शिकवले, संध्याकाळी मुलांना आणि नंतर त्यांच्या आईबापांना चालायला नेले. इतकी वर्षे जे सांगत आलो तेच इथे सांगणार आहे. साधना म्हणजे थोडे, रोज आणि अर्ध्या शक्तीने. बाकीचा आढावा या एका गोष्टीच्या अनुषंगाने येईल.

आपला आणि चीनचा संबंध आधी उरकतो. चिनी प्रवासी ह्युएनत्संग ६४१च्या सुमारास महाराष्ट्रात आला होता. दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. इथली माणसे उंच, साधी, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी आहेत, असे त्याने नोंदवले. तो बौद्ध भिक्षू. ताओ मार्गाशी त्याचे फारसे सख्य नव्हते. तरी मायदेशी परतल्यावर ६४७ मध्ये सम्राटाच्या हुकमाने ताओ मार्गाचा आद्य पुरुष लाओत्से याचा ग्रंथ संस्कृतात नेण्याचे काम त्याच्याच गळ्यात पडले, कारण कामरूपच्या राजाला तो हवा होता. ताओ पंडितांशी त्याचे त्यावरून जोरदार वाद झाले. त्या संस्कृत ग्रंथाचे एक पानही आज उपलब्ध नाही. त्यानंतर तेराशे वर्षांनी लाओत्से पुण्यात गाजला तो कोरेगाव पार्कात. १९७४ साली रजनीशांचा आश्रम तिथे आला, १९७५ मध्ये त्यांनी लाओत्सेवर व्याख्यानमाला दिली, राहत्या घराचे नावही लाओ त्सू हाऊस होते. त्या लाटेने लाओत्से मराठी वाचकाच्या कपाटात पोहोचला. अंगवळणी पडला नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना लाओत्सेवर तासभर बोलता येते, आणि त्यांना रात्री बारापर्यंत झोप येत नाही.

आमच्यातल्या एका पंथाशी माझे जुने भांडण आहे. चीनमधले सगळे इथूनच गेले, बोधिधर्म नावाच्या भिक्षूने नेले, ताई ची म्हणजे आपलाच योग, असे ते व्याख्यानांतून सांगत असतात. त्यांनी १९७३ साली हुनान प्रांतातल्या मावांगत्वेइच्या थडग्यात सापडलेले रेशमी वस्त्र पाहावे. त्यावर अंग ताणणारी, वाकणारी, हात उंचावणारी ४४ माणसे रंगवली आहेत. बायका आहेत, पुरुष आहेत, म्हातारे आहेत. काही उघड्या अंगाने, काही झब्ब्यात. ते थडगे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झाले. बोधिधर्माला अजून सहा-सातशे वर्षे अवकाश होता. दुसऱ्याचे श्रेय ओढून घेतल्याने आपली परंपरा मोठी होत नाही. आणि आपली आसने म्हणजे साहेबांच्या कवायतीची नक्कल, असे म्हणणारा जो उलटा पंथ आहे, त्याने हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ एकदा तरी उघडावा.

हठप्रदीपिकेवर मला थांबलेच पाहिजे. लोणावळ्याच्या कैवल्यधामाने तिची चांगली आवृत्ती काढली आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ती संस्था उभारली आणि उड्डियान, नौली यांचा अभ्यास क्ष-किरणांनी करून पाहिला. तेव्हाच्या काळात ही मोठी हिंमत होती. हठप्रदीपिकेत योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी दिल्या आहेत. पहिली अति खाणे. दुसरी अति श्रम. मग अति बडबड, नियमांचा हट्ट, माणसांची गर्दी आणि चंचलपणा. हठयोगाचा ग्रंथच अति श्रमाला आणि नियमांच्या हट्टाला शत्रू ठरवतो, हे आमच्या योगवर्गांत कुणी सांगत नाही. जेवताना पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायलाही तोच ग्रंथ सांगतो. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय लोक कुंडलिनीच्या वर्णनासाठी वाचतात, आणि ते वर्णन थोर आहेच. पण त्याच अध्यायात बेताचे खाणे, बेताचे चालणे, वेळच्या वेळी झोप यांवर ज्ञानदेवांनी जे सांगितले आहे तिथे वाचकाचा डोळा ठरत नाही. निवृत्तिनाथ, गहिनीनाथ, गोरक्षनाथ अशी ज्यांची गुरुपरंपरा, त्यांनी कुंडलिनीसोबत ताट आणि अंथरूणही सांगितले.

सूर्यनमस्कार, तालीम, मल्लखांब यांवर माझ्याहून अधिकारी लोकांनी भरपूर लिहिले आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळेशाळेत नेले, हे त्यांचे ऋण. बेल्लूरच्या अय्यंगारांनी १९३७ पासून पुण्यात शिकवून आसनांना जगभर नेले. उरुळी कांचनला १९४६ साली गांधीजी आले, मणिभाई देसाईंनी तिथला निसर्गोपचार आश्रम सांभाळला. ही शेवटची दोन कामे आपल्या पुणे जिल्ह्याच्या भाग्याची. पण आकड्यांचा सोस मला कधी पटला नाही. एकशे आठ घातले, हजार घातले, वर्तमानपत्रात फोटो आला आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. बारा घाला, दम लागायच्या आत थांबा आणि पुढची वीस वर्षे घाला, असे म्हटले की आमचे काही मित्र चिडतात. चिडोत.

आता माझा आवडता भाग. गुंजवणे गावातून ताकाचा हंडा डोक्यावर घेऊन राजगड चढणारी बाई पाहा. गड १३७६ मीटर उंच. चोरदरवाजाची वाट उभी, शेवटी कातळ. तिचे पाऊल लहान, टाच पूर्ण टेकलेली, मान स्थिर. मागून येणाऱ्या जावेशी बोलणे चालू. बोलता येईल इतक्याच वेगाने ती चढते, आणि हा वेग पायथ्यापासून पद्मावती माचीपर्यंत बदलत नाही. शहरातली पोरे तिच्या पुढून धावत जातात आणि अर्ध्या वाटेवर दगडावर बसून धापा टाकताना तिला पुन्हा भेटतात. ती थांबत नाही, हसून पुढे जाते. ताओ मार्गातल्या च्वांगत्सेने खऱ्या माणसाच्या श्वासाची खोली टाचेपर्यंत नेली आहे, आणि दीर्घायुष्यासाठी अस्वलासारखी नि पक्ष्यांसारखी अंगे ताणत बसणाऱ्यांना त्याच्या ग्रंथात फारसा मान नाही. मला तो भाग प्रथम कळला तो राजगडाच्या वाटेवर, या बायांच्या मागून चालताना. वेल्ह्यातून तोरण्याला जाणारा गुराखी, कोर्ल्यातून रायरेश्वरच्या पठारावर पाठीवर पोते नेणारा जंगम, मढे घाटाने कोकणात उतरणारा माणूस, सगळ्यांची चाल एकच. कुणी शिकवली नाही. रोज चढावे लागते म्हणून शरीराने ती स्वतःच शोधली.

चिनी वैद्य हुआ तुओने शिष्याला पाच प्राण्यांच्या हालचाली शिकवल्या तेव्हा असेच काही सांगितले होते: अंग हलते ठेवावे, पण टोकाला नेऊ नये, फिरत्या दाराच्या बिजागरीला कीड लागत नाही. हुआ तुओ २०८ साली मारला गेला. त्याचा तो शिष्य वू पू नव्वदीपार गेला आणि तोवर त्याचे डोळे नि दात शाबूत होते, अशी नोंद आहे. आजची ताई ची याच वृत्तीतून आली. १९५६ साली चीन सरकारने तिचा २४ हालचालींचा सोपा क्रम केला, म्हणून ती बागाबागांतून म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचली. वृद्धांचे तोल जाऊन पडणे तिने कमी होते, हे आता अनेक पाहण्यांतून दिसले आहे. युनेस्कोने २०१६ मध्ये योगाला आणि २०२० मध्ये ताई चीला वारशाच्या यादीत घेतले. नीरेकाठी सकाळी हात हळू हलवणारे चार म्हातारे पाहून हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. मावळ्यांनी काय अर्धी शक्ती वापरली? १६६० च्या आषाढात पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे रात्रभर पावसात धावले, ते बांदल याच हिरडस मावळातले, बाजीप्रभूही इथलेच. आक्षेप बरोबर आहे आणि उत्तरही तिथेच आहे. ती एक रात्र पुऱ्या शक्तीची होती. तिच्या मागे लहानपणापासूनचे चढणे-उतरणे, नाचणीची भाकरी आणि अंधार पडताच झोप होती. रोज पुरी शक्ती उधळणाऱ्याजवळ त्या रात्रीसाठी काही शिल्लक राहिले नसते.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो जास्त खरा आहे. वाग्भट पावसाळ्यात श्रम टाळायला सांगतो. भूक मंदावते, वात वाढतो. आणि आमच्या वेल्ह्यात वर्षाचे सगळ्यात जड काम पावसाळ्यातच असते. राब भाजून टाकलेल्या रोपांची आवणे उपटायची, चिखलणी करायची, इरले पांघरून दिवसभर वाकून भाताची लावणी करायची. त्या बाईला अर्धी शक्ती वापर असे सांगायला कुणी गेले, तर तिने त्याला बांधावरूनच परत पाठवावे. दिनचर्या लिहिणाऱ्यांपुढे वेळ हाताशी असलेला, घरात धान्य असलेला माणूस होता. ताओच्या डोंगरातल्या साधकांपुढेही बहुधा तोच. म्हणून मी म्हणतो, ही साधना ज्यांना निवड करता येते त्यांच्यावर बंधनकारक आहे. लावणीवाल्या बाईच्या कंबरेची काळजी घ्यायची तर तिला श्वासाचे धडे देण्याआधी हातभार द्यायला हवा. तरी या बायांकडूनही शिकण्यासारखे आहे. ओळीतली बाई ओळीच्या वेगाने लावते, एकटी पुढे पळत नाही, म्हातारीला कडेची जागा मिळते आणि दुपारी सगळ्या एकदम पाठ सरळ करतात.

हे सगळे झपाट्याने जात आहे आणि मला त्याचे दुःख आहे. शाळेपर्यंत चालणारी मुले आता गाडीने जातात. नसरापूरला बाजारात जायचे तर मोटारसायकल, आणि दोन वाड्यांमधले अंतरसुद्धा मोटारसायकलवरच. कुर्डू, भारंगी, टाकळा, फोडशी या पावसाळी भाज्या ओळखणारी मुलगी वाडीत एखादीच उरली आहे. शतपावलीच्या वेळेला प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. तालुक्याच्या गावी व्यायामशाळा निघाल्या, त्याला माझा विरोध नाही. पण तीन महिन्यांत छाती फुगवून देणारी डब्यातली पावडर पोरांच्या हाती दिली जाते, त्याला आहे. ताओ मार्गानेही असा मोह पाहिला आहे. अमर व्हायच्या घाईत पाऱ्याच्या आणि हिंगुळाच्या गोळ्या खाऊन तांग घराण्यातले काही सम्राट मेले. ८४६ साली वूझोंग गेला तो तसल्याच गोळ्यांनी. ज्या मार्गाने थोडे आणि हळू शिकवले, त्याच मार्गाच्या नावावर झटपट विकणारे निघाले. धरणांच्या काठी आता शिबिरे भरतात. शनिवारी गाडीने येऊन मौन, रविवारी दुपारी जड जेवण आणि संध्याकाळी महामार्गावर रांग. अशा एका ठिकाणी मला व्याख्यानाला बोलावले होते. मी रोजच्या चालण्यावर बोलत होतो आणि श्रोते दाराशी उभ्या वाहनातून टेकडीच्या टोकापर्यंत जाण्याची वाट पाहत होते. पुन्हा गेलो नाही.

हा अंक हातात पडेल तेव्हा भोर-वेल्ह्यात भातकापणी सुरू असेल आणि घराघरांत नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान झाले असेल. वाग्भटाने अभ्यंग रोज सांगितला आहे. आपण तो वर्षातून एकदा करतो आणि बाटली कपाटात ठेवतो. डोके, कान आणि तळपाय, एवढ्यापुरते तरी तेल रोज लावावे. पाच मिनिटे पुरतात. थंडी सुरू होते आहे, म्हणजे व्यायामाला शास्त्राने मोकळीक दिलेला काळ. ज्यांना चढण आहे त्यांनी बोलता येईल इतक्या वेगाने चढावे, ज्यांना नाही त्यांनी रात्री अंगणात फेऱ्या घालाव्यात. आणि तालुक्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की आठवड्यातून एक तास वर्ग बंद करून मुलांना जवळच्या डोंगरावर चालत न्या, वाडीतल्या एखाद्या म्हातारीला पुढे घाला आणि तिच्या वेगाने चाला.