हरितगृहातील वांग्यासाठी खुंटाची निवड

तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील मुक्ताईनगर परिसरात भरिताच्या वांग्याला मोठा मान आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हे पीक हरितगृहात अथवा शेडनेटमध्ये घेणाऱ्या शेतकऱ्यापुढे एक निराळी अडचण उभी राहते. उघड्या रानात पिकाची जागा बदलता येते. हरितगृहाचा सांगाडा मात्र एकाच जागी राहतो. त्यात वांगे, टोमॅटो व ढोबळी मिरची आळीपाळीने घेतली तरी फेरपालट होत नाही, कारण ही तिन्ही पिके एकाच कुळातील आहेत. परिणामी जमिनीत सूत्रकृमी व मर रोगाचे जंतू वाढत जातात आणि फळांवर आलेली झाडे एकाएकी माना टाकतात. मर लागलेले झाड औषधाने बरे होत नाही.

यावर उपाय म्हणजे कलम. रोगास दाद न देणाऱ्या रोपाच्या मुळावर, म्हणजे खुंटावर, आपल्या पसंतीच्या वांग्याचा शेंडा बांधावयाचा. मूळ खुंटाचे राहते, फळ मात्र आपल्याच वाणाचे येते. जपानमध्ये १९५० च्या दशकापासून वांग्याची अशी कलमे होत आली आहेत.

खुंट निवडण्यापूर्वी जमिनीतील रोग ओळखावा. रोगट झाड उपटून पाहिल्यास मुळांवर गाठी दिसतात काय? तसे असल्यास सूत्रकृमींचा उपद्रव समजावा. झाड हिरवे असतानाच कोमेजले असेल, तर खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरावा. कापातून दुधासारखे धागे उतरल्यास ती जिवाणूजन्य मर होय. पाने खालून वर पिवळी पडत जाऊन खोड आतून तपकिरी झाल्यास बुरशीजन्य मरेचा संशय घ्यावा.

सोलॅनम टॉर्व्हम हे रानटी झुडूप या तिन्ही रोगांस बऱ्याच अंशी तोंड देते. म्हणून ते खुंटासाठी सर्वांत अधिक वापरतात. त्याचे बी मात्र उशिरा व असमान उगवते. लहान लाल फळांच्या वांग्याचा खुंट बुरशीजन्य मरेस उपयोगी पडतो. सूत्रकृमींपुढे त्यावर विसंबू नये. टोमॅटोचे काही संकरित खुंटही वापरले जातात, परंतु त्यांची सूत्रकृमींविरुद्धची शक्ती जमिनीचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सियसच्या वर गेल्यावर कमी होते. खानदेशच्या उन्हाळ्याचा विचार करता ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

टॉर्व्हमचे बी वांग्याच्या बियांच्या सुमारे तीन आठवडे आधी पेरावे. दोन्ही रोपांची खोडे सारख्या जाडीची झाल्यावर खुंटाचा शेंडा आडवा कापून मधोमध सुमारे एक सेंटिमीटर खोल चीर द्यावी. वांग्याच्या शेंड्यास दोन्ही बाजूंनी तासून पाचरीचा आकार द्यावा, तो चिरेत बसवावा व चिमटा लावावा. पाते निर्जंतुक असावे. कलमे आठ-दहा दिवस दमट, सावलीच्या जागी ठेवावीत. पहिले दोन-तीन दिवस जवळजवळ अंधार असावा; पुढे उजेड व वारा हळूहळू वाढवावा.

लागवड करताना सांधा मातीच्या वर राहिलाच पाहिजे. तो मातीत गेल्यास वरच्या वांग्यासच मुळे फुटतात व कलम केल्याचा हेतू वाया जातो. खुंटावरील फुटवे वेळोवेळी काढावेत व झाडांस आधार द्यावा.

कलमाने शेंडा व फळे पोखरणारी अळी थांबत नाही. तिच्यासाठी कीडरोधक जाळी, दुहेरी दरवाजा व किडक्या शेंड्यांचा नाश हेच मार्ग होत. कलमी रोप साध्या रोपापेक्षा महाग पडते. म्हणून जमीन निरोगी असल्यास हा खर्च करू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम रोगट हरितगृहातील दोन-चार वाफ्यांतच कलमी व साधी रोपे शेजारी शेजारी लावून दाखवावीत. हंगामाच्या अखेरीस दोहोंची मुळे उपटून पाहावीत व तोडणीचा हिशेब मांडावा. त्यावरून पुढील लागवडीचा निर्णय शेतकरी बंधूंस स्वतःच घेता येईल.