सोळाव्या वर्षीचा गुन्हा

मूल गुन्ह्याकडे का वळते? गरिबी, घरातली मारहाण, सुटलेली शाळा, वाईट संगत ही उत्तरे आपल्याला पाठ आहेत. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये निराळी मांडणी केली. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा दीर्घ अभ्यास तिच्या मुळाशी होता. बहुतेकांचे वाकडे पाऊल पौगंडावस्थेपुरते असते. बालपणी सुरू होऊन पुढे चालूच राहणारे गैरवर्तन मोजक्यांचेच, असे त्या म्हणतात.

अडचण ही, की सोळाव्या वर्षी दोघे सारखेच दिसतात. आणि आपला 2015 चा बाल न्याय कायदा नेमकी याच वयात निवड करायला लावतो. किमान सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा 16 ते 18 वयात घडल्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ मुलाची क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासते. त्यानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. फाशी मात्र देता येत नाही. ही तपासणी घाईने उरकणे मला फार धोक्याचे वाटते. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले आहे.